रांगेच्या शेवटी चालणारा

पूर्वी शूर्पारक नगरात जयदत्त राजाचे राज्य चालू होते. त्या काळी बोधिसत्त्वाने पश्चिम समुद्रापलीकडच्या कोरड्या माळावर मृगाचा जन्म घेतला होता. तिथले मृग राखी अंगाचे आणि काळ्या-पांढऱ्या तोंडाचे असत. नर असो वा मादी, दोघांनाही भाल्यासारखी सरळ शिंगे असत, म्हणून लोक त्यांना शूलमृग म्हणत. महिनोन् महिने पाणी दिसले नाही तरी ते तग धरीत. पहाटे दव धरलेला पाला खात आणि खुरांनी जमीन उकरून ओलसर कंद काढीत. चालताना ते एकामागे एक अशी रांग धरीत. सर्वांत जाणती मादी पुढे, सर्वांत बळकट नर शेवटी. पुढचीने मागे वळायचे नाही आणि शेवटच्याने सतत मागे लक्ष ठेवायचे, असा त्यांचा नियम होता. निघण्यापूर्वी मात्र पुढचीने एकदा रांगेच्या शेवटापर्यंत जायचे, शेवटच्याच्या कपाळाला कपाळ लावायचे आणि मगच पहिले पाऊल टाकायचे.

त्या कळपात पुढे चालणारी होती शलाका. शेवटी चालणारा होता तिचा मुलगा ऋजुशृंग, आणि तोच बोधिसत्त्व.

एके सकाळी शलाका नेहमीसारखी कंद उकरीत होती. आदल्या दिवशी शिकारी कुत्र्यांची चाहूल लागल्याने कळप दूर पळून आला होता. चित्रा नावाच्या मृगीचे आठ दिवसांचे पाडस मागे एका काटेरी झुडपात दडवलेले राहिले होते, आणि ऋजुशृंगही अजून आला नव्हता. यात नवल काही नव्हते. कुत्र्यांना भलतीकडे नेऊन तो बहुधा उशिराच येई.

“शलाकाआई, माझं लेकरू कालपासून उपाशी आहे,” चित्रा म्हणाली.

“घेऊन येईल तो. मागे आहे ना.”

“मागे, मागे! जन्मभर आमची धूळ खाल्ली त्यानं. आता वाटेत कंद सापडला असेल, बसला असेल चघळत.”

शलाकेला हसू आले. “कंद दिसला की त्याला आईचीसुद्धा आठवण राहत नाही.”

इतक्यात माळावरून एक माणूस येताना दिसला. त्याच्या हातात भाला नव्हता, बरोबर कुत्री नव्हती. खांद्यावर पाडस होते. कळपाने शिंगे खाली केली. माणसाने पाडस जमिनीवर ठेवले, तसे ते धडपडत चित्रेच्या कासेला जाऊन लागले.

“तुमच्यात पुढे चालणारी कोण?” माणसाने विचारले.

“मी. बोल, बाबा.”

“मी मरुक. शिकारी आहे. समुद्रापलीकडच्या राजाला ढाल हवी होती. तुमच्या मानेचं कातडं भाल्यालाही दाद देत नाही, म्हणतात.”

“ते आम्हांला ठाऊक आहे,” शलाका म्हणाली. “मान आमचीच आहे.”

मरुकने मान खाली घातली. “आई, तुमची शिकार करणं सोपं असतं. कुत्री सोडायची. त्यांनी गाठलं की तुम्ही काटेरी झुडपाला पाठ लावता आणि शिंगं रोखून उभे राहता. माणसानं मग सावकाश चालत यायचं नि भाला मारायचा. माझ्या बापानं हेच केलं, मीही हेच करत आलो. पण काल तो झुडपाला पाठ लावेना. तिथे झुडूप एकच होतं. कुत्री तिकडे वळली की हा आडवा येई, त्यांना ओढून पुन्हा उघड्यावर नेई. मी हसलो. म्हटलं, याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.”

“मी शिकवलं होतं,” शलाका म्हणाली. “पुढे सांग.”

“उघड्यावर पाठ राखणार कशी? कुत्र्यांनी मागून पाय फाडले. तरी सूर्य डोक्यावर येईपर्यंत तो उभा होता. मी भाला घेऊन पुढे झालो आणि कुत्र्याला अडखळून थेट त्याच्या पुढ्यात पडलो. त्याच्या शिंगाचं टोक माझ्या गळ्याला लागलं होतं.”

“मग?”

“त्यानं शिंग उचललं. म्हणाला, ‘ऊठ. तुझी कुत्री तुझंच ऐकतात, त्यांना बोलाव. झुडपात एक पाडस आहे, ते त्याच्या आईकडे पोचव.’ मी म्हटलं, ‘मला मारायचं होतंस.’ तर म्हणाला, ‘तुझीही घरी कुणी वाट पाहत असेल.’ मी कुत्री बांधली, आई. पण उशीर झाला होता. दुपार कलली तेव्हा तो गेला.”



“आणि कातडं?” शलाकेने विचारले.

“काढलं नाही. वर दगड रचून आलो. राजाच्या माणसांना सांगेन, ढाल मिळाली होती, पण ती आधीच कुणाच्या तरी कामी आली.”

चित्रा रडू लागली. “मी त्याला कंद चघळत बसलाय म्हणाले!”

“खरंच म्हणालीस. खादाड होताच तो.” शलाकेने शिकाऱ्याकडे पाहिले. “उभा होता तेव्हा त्याचं तोंड कुणीकडे होतं?”

“तुम्ही गेलात तिकडे पाठ होती. आमच्याकडे तोंड.”

“तसंच हवं,” ती म्हणाली आणि तिने मान ताठ केली. तिची शिंगे कळपात सर्वांत लांब होती. त्या सकाळी ती सर्वांना आणखी उंच दिसली. “चित्रे, त्याला पोटभर पाज. मोठा झाला की तो शेवटी चालेल. त्या जागेवर कोण चालत होतं, ते मी त्याला सांगेन.”

मग रांग लागली आणि कळप निघाला.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचा शिकारी मरुक म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. ते पाडस म्हणजे राहुल. शलाका माझी माता महामाया होती, आणि रांगेच्या शेवटी चालणारा ऋजुशृंग मीच होतो.” हातात बळ असताना ते आवरणे आणि मारणाऱ्याचेही घर आठवणे, ही क्षांती पारमिता होय.

कुत्री भुंकली त्या दिवशी शलाकेला तातडीने कळप हलवावा लागला होता. कपाळाला कपाळ लावायचे राहिले.