तेजलचा आवाज

"...मग काय, टॅब जाळून टाकू का गुरुजी?"

सुहास डांगे हे ओरडून म्हणाला नाही. ओरडण्याइतकं त्राणच त्याच्यात उरलं नव्हतं. एसटीतून उतरून तो थेट मुजावर गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसला होता. समोर ठेवलेल्या तांब्याला त्यानं हातही लावला नव्हता.

गुरुजी खाटेवर आडवे होते. नुकतंच गुडघ्यांना तेल चोळून झालं होतं, त्याचा उग्र वास ओसरीभर पसरला होता.

"जाळ म्हणून कोण सांगतंय?"

"पालक म्हणतात, बंद करा हे सगळं. मुख्याध्यापिका मॅडमनी टॅब कपाटात कोंडलेत."

"कशावरून?"

"तेजलवरून..."

याच गुरुजींनी सुहासला चौथीपर्यंत शिकवलं होतं. आता सुहास स्वतः एका वस्तीवरच्या शाळेत तिसरीला शिकवत होता, आणि तालुक्यात त्याचं नाव झालं होतं. टॅबवाले सर. याच्या त्याच्या दारात जाऊन त्यानं शाळेसाठी टॅब मिळवले होते. त्याच्या वर्गातली पोरं त्यावर नुसते खेळ खेळत बसत नव्हती. ती स्वतः गोष्टी रचायची, चित्रं काढायची, व्हिडिओ करायची. दुसऱ्या शाळांतले शिक्षक ते बघायला यायचे. प्रशिक्षणात माईक त्याच्या हाती यायचा, आणि तो त्याला आवडायचाही.

तेजल त्याच्याच वर्गातली. ती बोलताना अडखळायची. एकेका अक्षराशी तिची झटापट चालायची, म्हणून ती सहसा बोलायचीच नाही. पण टॅब हातात आला आणि पोरगी खुलली. तिनं मातीच्या शेळ्या केल्या. एक फोटो काढायचा, शेळी जराशी सरकवायची, पुन्हा फोटो... असं करत करत तिनं त्या शेळ्या चक्क चालवल्या. मग मधल्या सुट्टीत वर्गात एकटी बसून तिनं शेळ्यांना आपला आवाज दिला. वाक्य अडलं की पुन्हा. पुन्हा अडलं की पुन्हा. शेवटी एक वाक्य सरळ, सुरेख आलं. तेवढंच तिनं व्हिडिओत घेतलं.

अडखळलेली वाक्यं मात्र टॅबमध्ये तशीच राहिली. ती सुहासच्या हाती लागली.

ऐकताना त्याचे डोळे भरून आले होते, हे खरं. त्यानं ती सगळी वाक्यं एकापुढे एक जोडली. आधी तिची झटापट, शेवटी ते सरळ वाक्य. खाली बासरी. वर नाव दिलं, 'जिद्द'. आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

तिथून ते कुठल्या कुठे गेलं. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. सुहासचा सत्कारही ठरला.

आणि आठवडी बाजारात, आईचं बोट धरून चाललेल्या तेजलच्या मागून पोरं ओरडली, "शे... शे... शेळी!"

त्या दिवसापासून तेजल बोललेली नाही. शाळेत नाही, घरी नाही.

"मी चांगल्यासाठीच केलं, गुरुजी. तिचं कौतुक व्हावं म्हणून. तिचं नावसुद्धा टाकलं नव्हतं."

"हं."

"आता सगळ्यांना कळवतोय, काढून टाका म्हणून. काहीजण काढतात. काहीजण नुसता अंगठा दाखवतात आणि राहू देतात."

गुरुजींनी उशाशी पडलेला फोन हातात घेतला. मग म्हणाले, "मला नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांग बघू."

सुहासनं पुन्हा सांगायला सुरुवात केली. पण या खेपेला त्याला धड सांगता येईना. बाजारापाशी आल्यावर तो थांबला. "तिची आई मला म्हणाली... ती म्हणाली, सर, तुम्ही तर..." पुढचं वाक्य काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. त्यानं तोंड फिरवलं. खांदे हलू लागले.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्यानं वळून पाहिलं.

गुरुजींचा फोन त्यांच्या छातीवर उभा होता. त्याच्या कॅमेऱ्याचा डोळा सुहासवर रोखलेला होता.

"गुरुजी... शूटिंग करताय?"

"केलं. फार चांगलं बोललास. मध्ये अडखळलास ना, ते तर फारच चांगलं. आता आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतो. त्यात कितीतरी जण मास्तर आहेत, त्यांना उपयोग होईल."

गुरुजींचं बोट काचेवरून सरकलं.

सुहास ताडकन उठला. "नको! गुरुजी, नको!"

"का रे? तुझं नाव नाही टाकत."

"तोंड दिसतंय माझं! मी... मी तुमच्याजवळ म्हणून बोललो. निदान मला विचारायचं तरी..."

तो तिथंच थांबला.

गुरुजींनी फोन त्याच्यापुढे धरला.

"घे. काय करायचं ते तू ठरव."

सुहासनं तो व्हिडिओ पुसला. पुसला गेलाय ना, हे दोनदा पाहिलं.

"गेला," तो पुटपुटला.

"फोनातून गेला," गुरुजी म्हणाले.

सुहास खाली बसला. "मी तिची माफी मागतो. उद्याच. सगळ्या वर्गासमोर..."

"पुन्हा सगळ्यांसमोर?"

सुहासनं तांब्या उचलला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. गुरुजींनी भिंतीकडे कूस वळवली. त्यांना झोप लागली की काय, ते त्याला कळलं नाही. पायांना हात लावून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सत्काराला नाही म्हणून कळवलं. मॅडमची पुष्कळ मनधरणी करून तेजल वापरायची तो टॅब कपाटातून बाहेर काढला. मधल्या सुट्टीत तो तेजलच्या शेजारी जमिनीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तेजल, मी तुला न विचारता तुझा आवाज लोकांना दिला. चुकलो मी. यात तुझं जे काही आहे ते तुझं. पुसायचं कसं, ते दाखवतो. पुसायचं की नाही, ते तू ठरव."

तेजलनं त्याच्याकडे पाहिलं नाही. टॅब मात्र ओढून घेतला. तिनं अडखळलेली वाक्यं पुसली. ते सरळ, सुरेख वाक्य पुसलं. मग चालणाऱ्या शेळ्याही पुसल्या. 'राहू दे गं' हे शब्द सुहासच्या अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले.

मग व्हरांड्यात जाऊन त्यानं गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, तिनं सगळंच पुसलं हो. इतकं सुंदर होतं ते..."

"मग?"

"मग काही नाही. बोलली नाही. टॅब घेऊन उठली आणि मैत्रिणींना घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून."

"काय करतायत?"

"दिसत नाही इथून. डोकी जोडून बसल्यात नुसत्या. कुजबूज येतेय... पण कोणाची, ते कळत नाही." "जाऊन बघू का, गुरुजी? विचारू तिला?"

पलीकडे खाट करकरली.

"डबा खाल्लास का रे तू?"