कोनाड्यातल्या सात चिठ्ठ्या

सांगा बरं, आपलं लिहिलेलं कुणी खरंच वाचलं, हे कसं ओळखायचं?

फार जुन्या काळी एका डोंगरावर विद्यापीठ होतं. शिष्य वेगवेगळ्या गुहांत एकेकटे राहत. निबंध झाला की पोथी दोऱ्याने बांधून मंडपातल्या कोनाड्यात ठेवायची. इतरांनी ती वाचून बिननावाची अभिप्रायाची चिठ्ठी ठेवायची, अशी तिथली रीत. मग निबंध सुधारून आचार्यांपुढे वाचायचा. पसंत पडला नाही, तर घरी परत.

तिथल्या एका मुलीला परतायला घरच नव्हतं. विहीर आटली आणि तिचं गाव पांगलं, त्यावरच तिने लिहिलं होतं.

वाचनाच्या आदल्या दिवशी तिला कोनाड्यात सात चिठ्ठ्या मिळाल्या. सातही चिठ्ठ्यांवर एकच शब्द, 'सुंदर'. ती हरखली. पण पोथी उचलली, तर तिने मारलेली गाठ जशीच्या तशी! तिच्या गावची ती गाठ परक्याला बांधता येण्यासारखी नव्हती.

गाव सुटतानाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

म्हातारे आचार्य तिथे आले. तिने रडतरडत सगळं सांगितलं.

"तू किती चिठ्ठ्या ठेवल्यास गं?"

"अकरा, गुरुजी."

"आणि पोथ्यांच्या गाठी किती सोडल्यास?"

तिची मान खाली गेली. "एकही नाही. म्हटलं, गोड लिहिलं की आपल्यालाही गोड मिळेल."

"मिळालं की! मग रडतेस कशाला?" म्हणत ते निघून गेले.

तिने डोळे पुसले, शेजारच्या पोथीची गाठ सोडली आणि ती दुपारभर वाचली. ती एका मुलाची होती. तो आला, तेव्हा ती म्हणाली, "भावाशी भांडलास ते कळलं. पण भांडण कशावरून, ते लिहिलंच नाहीस."

त्याने विचारलं, "तू वाचलंस? बरं, तुझी पोथी दे. पण माझी जीभ तिखट आहे हं!"

"असू दे. गोडाचा कंटाळा आलाय."

वाचून तो म्हणाला, "सगळे गेले म्हणतेस. मागे कुणीच राहिलं नाही?"

तेच तर तिने टाळलं होतं. चालता न येणारे तिचे बाबा मागे राहिले होते. तिने ते पान लिहायला घेतलं.

आपलं कुणी मनापासून वाचावं असं वाटत असेल, तर आधी आपण दुसऱ्याचं मनापासून वाचावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या पानासह निबंध वाचला. आचार्यांनी तिला ठेवून घेतलं. मंडपात ऐकायला तो मुलगा एकटाच आला होता.