तीस दुकानं आणि घाटापलीकडची स्थळं

“सगळे रस्ते! एकूणएक! कागदावर छापून माझ्या टेबलावर! त्याशिवाय सही मिळायची नाही!”

तात्यासाहेब थोरवडे असं कडाडले आणि पल्लवी डुबलचा प्रबंध तिच्या हातातच राहिला. तात्यासाहेब म्हणजे कऱ्हाडच्या थोरवडे बेकरीचे मालक. मालक कसले, राजेच म्हणा! फक्त मुकुटाच्या जागी टक्कल होतं, एवढंच.

पल्लवी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंध एखाद्या कंपनीत बसून लिहायचा आणि मालकाच्या सहीनं कॉलेजात द्यायचा, असा तिथला नियम. सहा महिने खपून तिनं एक प्रोग्रॅम केला होता. पावाचा टेम्पो तीस दुकानांना कुठल्या क्रमानं नेला तर सगळ्यात लवकर परत येईल, ते तो दोन सेकंदांत सांगायचा. आठवडाभर बेकरीच्या सात टेम्पोंपैकी एक त्या रस्त्यानं फिरला आणि रोज दीड तास आधी परत आला. ड्रायव्हर शकूरभाई तर दुपारची झोप काढायला लागले होते! पण तात्यासाहेबांना त्या दोन सेकंदांचाच राग आला होता. दोन सेकंदांत त्यांना धड शिंकसुद्धा यायची नाही.

प्रबंध उद्या जमा करायचा होता. नाही केला तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं की घरचे तिला बोहल्यावर चढवायला टपलेलेच होते.

“तात्यासाहेब, तीस दुकानांचे सगळे क्रम छापायचे म्हणजे दोनापुढं बत्तीस शून्यं!” पल्लवी काकुळतीला येऊन म्हणाली. “तीस राहू द्या, नुसती बारा दुकानं घ्या. सेकंदाला एक रस्ता वाचलात, रोज आठ तास, रविवारची सुट्टीसुद्धा न घेता, तरी पंचेचाळीस वर्षं लागतील!”

“वाचीन की! माझ्या आज्यानं शंभरी गाठली होती!”

आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं?

“हे बघ पोरी,” तात्यासाहेब पुढं सरसावले, “तुझं यंत्र म्हणतं, हाच रस्ता सगळ्यात भारी. पण बाकीचे त्यानं बघितले का?”

“सगळे नाही बघितले. पुष्कळसे न बघताच सोडले.”

“सापडलीस! न बघता सोडलेल्यातच एखादा भारी निघाला तर? न बघता भारी म्हणणं ही शुद्ध लबाडी! मी कधी असं केलेलं नाही, करणार नाही!”

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांच्या पत्नी, काकीसाहेब, आजची खारी चहात बुडवून चव बघत होत्या. पल्लवीनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिचे डोळे चमकले.

“तात्यासाहेब, राग येणार नसेल तर एक विचारू? काकीसाहेबांच्या आधी तुम्ही किती मुली बघितल्या होत्या?”

“चार!” तात्यासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “पाचवी ही. रेठऱ्याची. पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मी आईला म्हटलं, बास! हिच्यापेक्षा सरस मुलगी होणे नाही!”

काकीसाहेब गालातल्या गालात हसल्या.

“आणि तेव्हा या मुलखात लग्नाच्या मुली होत्या किती?”

“असतील वीस-पंचवीस हजार.”

“त्या सगळ्या बघितल्यात?”

“खुळी का काय तू! सगळ्या कशाला बघायच्या? आमच्या आईला गाडी लागायची. घाट चढला की ओकाऱ्या सुरू! म्हणून कुंभार्ली घाटापलीकडची सगळी स्थळं एका फटक्यात कटाप!”

“एकीचंही तोंड न बघता?”

“न बघता!”

“मग काकीसाहेबांपेक्षा सरस एखादी तिकडं राहून गेली असेल की!”

खारीचा तुकडा कपात बुडाला. काकीसाहेबांनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडं रोखून बघितलं. “बोला की,” त्या म्हणाल्या. “मलाही ऐकू दे.”

तात्यासाहेबांना दरदरून घाम फुटला. “छे छे! अगं, घाटापलीकडची मुलगी कितीही गुणाची असती, तरी सणावाराला घाट काही चुकला नसता! आईच्या ओकाऱ्यांतच संसार बुडाला असता. म्हणजे तिकडची कुणीही असो, आमच्या घराला हिच्यापेक्षा सरस ठरूच शकत नव्हती! ती बघायची गरजच काय?”

“हेच! अगदी हेच माझं यंत्र करतं!” पल्लवीनं टाळी वाजवली. “आधी उंब्रज, मग शेणोली, मग उलटं मसूर, एवढ्यातच टेम्पोचं अंतर आपल्या तीस दुकानांच्या अख्ख्या रस्त्यापेक्षा जास्त होतं. मग पुढची सत्तावीस दुकानं कशीही फिरा, तो रस्ता जिंकणार कसा? तशा सुरुवातीचे कोट्यवधी रस्ते एका फटक्यात कटाप! आता तुम्हीच सांगा, तात्यासाहेब. न बघता भारी म्हणणं लबाडी असेल, तर घाटापलीकडच्या मुली बघायला आजच निघावं लागेल. लबाडी नसेल, तर ही इथं सही करा!”

काकीसाहेब म्हणाल्या, “डबा बांधून देऊ का घाटासाठी?”

आधी तात्यासाहेबांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि ते असे खदाखदा हसले की भट्टीवरचे कारागीर धावत आले!

“घात केलास की गं माझा, आणि तोही माझ्याच तोंडून!” डोळे पुसत त्यांनी पेन उचललं आणि पानभर लांब सही ठोकली. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पल्लवीपुढं ठेवला.

“आपल्या सातही टेम्पोंच्या किल्ल्या! परीक्षा झाली की इथंच नोकरीवर ये. कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं जायची, ते तू ठरवायचंस. आणि मी मध्ये तोंड घातलं तर सरळ हिला सांगायचं!”