उलटा नकाशा

फार जुनी नाही, गेल्या अपडेटच्या आधीची गोष्ट. गेमच्या टेबलावर माउसने छोट्या टचस्क्रीनला डिवचलं, "दम असेल तर नकाशातलं डावं-उजवं उलटं करून दाखव!"

"बघच!" म्हणत येडी छोटी पैजेला भुलली.

फायनल रंगात आली होती. खेळणाऱ्या सुयोगने छोटीवरचा नकाशा बघितला, गेममध्ये डावीकडे पळाला आणि थेट शत्रूच्या तावडीत सापडला.

"चित्र दाखवताना तूच अडकतोस, थेरड्या!" तो शेजारच्या जुन्या, मोठ्या मॉनिटरवर खेकसला. "आत्ताच भंगारात देतो तुला." त्याने वायरला हात घातला.

"गप बस, वाचलीस," माउस छोटीच्या कानात कुजबुजला.

मोठा मात्र हळूच म्हणाला, "छोटे, माझ्यामागे याला रस्ता नीट दाखव हां."

छोटीने नकाशा पुसला आणि अख्ख्या अंगावर अक्षरं उमटवली, "दादाला सोड. नकाशा मी उलटा केला."