मुकी पंगत

एका बंदरगावी एकदा एक धनिक व्यापारी राहत होता. नारोशेट त्याचे नाव. गलबतांतून तो दूरदूरचे देश फिरला होता आणि प्रत्येक देशाचा एखादा तरी पदार्थ शिकून आला होता. संध्याकाळी तो स्वतः चुलीपुढे बसे. कधी इराणचा केशरी भात करी, कधी जाव्याचे नारळाच्या रसातले मासे. वाढताना त्या देशाची साद्यंत माहिती सांगे. मुले मान खाली घालून जेवत आणि "उठू का, बाबा?" एवढेच विचारत.

अंगणापलीकडे त्याचा धाकटा भाऊ भिकोबा राहत असे. त्याने बंदराबाहेर पाऊल टाकले नव्हते. खलाशांकडून ऐकून तो काहीबाही शिजवी. चिनी शेवयांचा तर त्याने चक्क लगदा केला होता. पण त्याच्या पंगतीतून असा काही हशा उठे, की नारोशेटला आपलेच जेवण बेचव लागे. त्याहून झोंबे ते हे, की नारोशेटची स्वतःची मुले, रंगा आणि धाकटी आवडी, जेवण उरकताच तिकडे पळत आणि काकाशी भडाभडा बोलत.

"त्या लगद्यात यांना एवढे काय गोड लागते?" तो बायकोपाशी धुसफुसे. शेवटी मत्सराने त्याचा विवेक गिळला. काकाकडे जायचे नाही, असे त्याने मुलांना बजावले. मुलांनी ते पाळले. पण आता पलीकडचा हशा ऐकत ती अधिकच मुकाट जेवू लागली.

तेव्हा नारोशेट आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. "गुरुजी, माझ्या हाताला नाही अशी कोणती चव भिकोबाच्या हाताला आहे?"

गुरुजी म्हणाले, "उद्या मी तुझ्याकडे जेवायला येतो."

दुसऱ्या दिवशी केशरी भात झाला. त्यावर इराणातली आंबट लाल फळे पेरली होती. नारोशेट माहिती सांगू लागणार, तोच गुरुजींनी हात वर केला आणि आवडीला विचारले, "बाळ, ही फळे कुठे पिकत असतील?"

आवडीने आधी वडिलांकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "समुद्रात?"

"असेल. मग ती वर कशी येत असतील?"

"मासे आणून देत असतील," रंगा पुटपुटला.

"छे! मासेच खाऊन टाकतील की!" आवडी म्हणाली.

बघता बघता दोघे वाद घालू लागली, हसू लागली. नारोशेट मध्ये बोलू पाही. गुरुजी त्याला खुणेने थांबवीत.

जेवणानंतर गुरुजींना पोहोचवताना त्याला राहवेना. "गुरुजी, आपण तरुणपणी इराणात राहिलात. ही फळे काटेरी झुडपांना येतात हे आपल्याला ठाऊक आहे. मग मुलांना भलतेच का बोलू दिलेत?"

गुरुजी थांबले. "नारो, झुडपाचे उद्याही सांगता येईल. तू अन्न वाढतोस, त्याची कथा वाढतोस आणि कोणी विचारण्याआधी उत्तरही वाढून मोकळा होतोस. त्या पानात मुलांनी आपले काय घालावे? भिकोबाला ठाऊक नसते, म्हणून तो विचारतो. आणि विचारतो म्हणून ऐकतो. चव त्याच्या हाताला नाही रे. त्याच्या कानाला आहे."

घरी येताच नारोशेटने मुलांवरची बंदी उठवली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने जाव्याचे मासे आणि भात केला. त्या देशाच्या कितीतरी गोष्टी त्याच्या जिभेवर आल्या. त्या त्याने गिळल्या. बऱ्याच वेळाने आवडी म्हणाली, "बाबा, तिकडच्या मुलांना मासा नाही आवडला, तर त्यांची आई रागावते का हो?"

उत्तर द्यायला नारोशेटने तोंड उघडले, आणि त्याला कळले की उत्तर नाही. इतक्या सफरी केल्या, व्यापाऱ्यांच्या कितीतरी पंगतींना बसला. पण त्या देशातल्या एखाद्या मुलाशेजारी तो कधी जेवलाच नव्हता.

"कधी पाहिलंच नाही गं मी," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

आवडी जवळ सरकली आणि सांगू लागली. रंगाने तिला अडवले, मग स्वतःच पुढचे सांगितले. पानांतला भात निवून गेला. नारोशेटने तो तसाच, सावकाश खाल्ला.