जाळायची राहिलेली होडी

समुद्रापलीकडच्या क्रोएशिया देशात, एका बेटावर मासेमारांचे गाव होते. एका साध्या सकाळी तिथल्या बायका किनाऱ्यावर माशांना मीठ लावत बसल्या होत्या. तेव्हा बातमी आली, की नाखव्याची जुनी होडी भर समुद्रात फुटली आणि तिच्यावरचा खलाशी बुडाला. वादळ नव्हते. वाराही बेताचाच होता.

खलाशाची बायको त्या बायकांतच होती. तिने हातातला मासा खाली ठेवला.

त्या गावाची एक रीत होती. प्राचीन काळचे संत निकोला हे दर्यावर जाणाऱ्यांचे राखणदार. हिवाळ्यात त्यांच्या सणाला गावातली सर्वांत जुनी होडी चर्चसमोर जाळायची आणि तिची राख नव्या होडीच्या तळाशी घालायची. होडी फुटली त्याआधीच्या हिवाळ्यात पाळी नाखव्याच्या याच होडीची होती. पण त्याला ती जाळवेना. त्याने सुताराकडून हातभर लांबीची सुबक होडी करवून घेतली, तिला रेशमी शीड लावले आणि तीच आगीत ठेवली.

"केवढी ही भक्ती," लोक म्हणाले. पाद्रीबाबांनीही मान डोलावली.

फक्त खलाशी म्हणाला, "नाखवा, जुन्या होडीच्या तळात सुरी लोण्यात शिरावी तशी शिरते."

"मग सुरी खुपसू नकोस," नाखवा म्हणाला. "डांबर फासलंय तिला. मासे धरायला जायचंय, वरातीला नाही. भीती वाटत असेल तर दुसरा माणूस बघतो."

सगळे हसले. खलाशी त्याच होडीतून जात राहिला, आणि एके दिवशी परतला नाही.

पुढच्या सणापर्यंत नाखव्याने मोठी नवी होडी बांधली. ती पाण्यात लोटायला गावातल्या सगळ्यांचे खांदे लागणार होते, म्हणून त्याने सगळ्यांना बोलावले. खलाशाची बायकोही आली. तळाशी घालायला नाखव्याने गेल्या सणाची राख आणली होती. ती मूठभरही नव्हती.

"पोरी, संतांची इच्छा," तो तिला म्हणाला. "तिच्यापुढे कुणाचं चालतं?"

"त्यांची इच्छा सगळ्या गावाला ठाऊक होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सडकी होडी मागत होते ते. संतांना लाकडाची कसली भूक, नाखवा? ती पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून मागत होते. तुम्ही त्यांना खेळणं दिलंत आणि होडी माझ्या नवऱ्याला दिलीत."

मग ती गावाकडे वळली. "आणि तुम्ही याला भक्ती म्हणालात."

पाद्रीबाबा खाली वाळूकडे बघत राहिले. थोड्या वेळाने एकेक जण घरी गेला.

तात्पर्य एवढेच: माणसांच्या जिवासाठी जे सोडायचे ते धरून ठेवून संतापुढे शोभेची वस्तू ठेवणे ही भक्ती नव्हे, आणि त्याला मान डोलावणारेही त्या पापाचे वाटेकरी.

नवी होडी अजून किनाऱ्यावर आहे. तिला कुणी खांदा लावलेला नाही.