पाखऱ्याचं आवतण

“मग कातड्याचे थर किती म्हणालास?”

“मुख्य दोन, बुवा. वरची त्वचा आणि आतली त्वचा. त्याखाली चरबीचा एक पदर असतो, काही जण तो तिसरा धरतात.”

“आणि शिंग?”

“शिंगाचं टरफलही त्वचेतूनच येतं. खूर, केस, घामाच्या ग्रंथी... सगळी तिचीच मंडळी. गायीची कासदेखील मुळात त्वचेतलीच ग्रंथी आहे.”

“अरे वा. म्हणजे दूधसुद्धा कातड्याचंच.”

बालाघाटच्या डोंगरातल्या लहानशा मठात भिकनाथबुवा ओट्यावर पाय सोडून बसले होते. समोर उभे होते डॉक्टर प्रल्हाद नाईकनवरे, जनावरांच्या कॉलेजात शरीररचना शिकवणारे. याच ओट्यावर बुवांनी त्यांच्याकडून बाराखडी घोटून घेतली होती, तेव्हा ते नुसते पल्हाद होते.

पल्हादनं पिशवीतून कोरं पुस्तक काढलं. पाळीव जनावरांची त्वचा, साडेचारशे पानं, लेखक स्वतः. ते त्यानं बुवांच्या पायाशी ठेवलं.

बुवांनी उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं.

“जड झालंय,” म्हणाले.

हे कौतुक होतं की काय होतं, ते विचारायची सोय नव्हती.

“हे द्यायला एवढा डोंगर चढलास?”

“नाही, बुवा... पाखऱ्यासाठी आलो.”

बुवांनी अंगणातल्या म्हाताऱ्या बैलाकडे बघितलं.

दिवस खांदेमळणीचा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एकदा हे आवतण दिलं की पोळा होईपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पाहुण्याला कोणी कामाला लावत नाही.

सतरा वर्षांपूर्वी पल्हादनं लावलं होतं.

आदल्या संध्याकाळी लोणी त्यानंच चोळलं होतं, आवतणही त्यानंच दिलं होतं. पोळ्याच्या सकाळी कळलं की ओढ्याला पाणी आलंय, एसटी गावात येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात प्रवेशासाठी हजर राहायचं होतं. वडील वेशीत तोरण बांधायला गेलेले. पल्हादनं पेटी गाडीत टाकली, अंघोळ घालून सजवायला काढलेली जोडी जुंपली आणि वळसा घेऊन आठ कोसांवरचा फाटा गाठला. वर्षानुवर्षं जू ओढून खांद्यावर जो घट्टा धरतो, तो लोण्यानं रात्रभर मऊ पडला होता. जोडीदार बैल तरला. पाखऱ्याचा खांदा सोलून निघाला.

पल्हाद बसमध्ये चढला. गाडी फाट्यावरच्या ओळखीच्या माणसानं परत नेली.

जखम भरली, पण पाखऱ्याच्या खांद्याला पुन्हा जू सोसलं नाही. खाटकाचा माणूस दारात येऊन बसायला लागला, तेव्हा वडिलांनी त्याला चालवत या मठात आणून सोडलं. त्यावर ते मुलाला मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं पल्हादला फार उशिरा वाटलं.

“किती दिवस काढील, बुवा?”

“मागचे पाय जायला लागलेत. हा पोळा बघंल. पुढचा न्हाई.”

“मग आज मला चोळू द्या.”

बुवांनी आतून लोण्याची वाटी आणली, त्यात चिमूटभर हळद कालवली आणि त्याच्या हातात दिली.

पाखऱ्या चिंचेखाली मोकळाच उभा होता. कातडं हाडांवर लोंबत होतं. खांद्यावर तळहाताएवढी जागा पांढरी होती.

पल्हादनं लोणी लावलं. बोटं त्या पांढऱ्या जागेवर आली तशी जीभ चालायला लागली.

“जखम खोल गेली, बुवा, की केसांच्या मुळातला रंग मरतो. मग येतो तो केस पांढराच येतो. आणि अशा वणाच्या जागी संवेदना कमी असते... माझा हात त्याला इथं नीट कळतही नसेल.”

“मग कुणासाठी चोळतोस?”

पल्हादचा हात थांबला.

मग तो पुन्हा चोळू लागला. या वेळी त्यानं त्वचेबद्दल काही सांगितलं नाही. पाखऱ्यानं डोळे अर्धे मिटले, शेपटी एकदा हलवली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच पल्हादला थोडं हलकं वाटलं.

“बुवा, आवतण देतो.”

“चोळलंस ना? झालं. आवतण देऊ नको.”

“का?”

“आम्ही त्याला देत न्हाई.”

पल्हादला ते लागलं. आपली ती पायरी राहिली नाही असंच बुवांना म्हणायचं असणार, असं त्यानं धरलं.

“मी उद्या इथंच थांबणार आहे, बुवा. माझ्या हातानं त्याला पोळी चारणार आहे. एकदा शब्द मोडला माझ्याकडून... एवढा एक पाळू द्या. परत मला संधी नाही.”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग बैलाकडे बघितलं.

“तुझी मर्जी,” म्हणाले.

पल्हादनं पाखऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

“आज आवतण घ्या... उद्या जेवायला या.”

पाखऱ्याचे डोळे उघडले.

मागचे पाय ओढत तो एक पाऊल पुढं आला. मग दुसरं. उजव्या अंगाला एका बैलाची जागा मोकळी सोडून तो नीट, सरळ उभा राहिला.

आणि त्यानं मान खाली घातली. जू येताना घालतात तशी.

पल्हादला काय झालं ते क्षणभर उमगलं नाही. उमगलं तेव्हा वाटी हातातून खाली पडली.

“नाही रे... नाही. मान वर कर, पाखऱ्या. जेवायला बोलावलंय तुला...”

त्यानं हनुवटीखाली हात घालून मान उचलायचा प्रयत्न केला. बैलानं ती आणखी खाली नेली. अंगात उरलेलं सगळं बळ त्यानं त्या मानेत आणलं होतं. पाय लटलट कापत होते, तरी तो हलला नाही. वाट बघत राहिला.

पल्हाद त्याच्या पुढ्यात मातीत बसला. लोण्यानं माखलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

“बुवा... तुम्हाला माहीत होतं?”

बुवा ओट्यावरून उतरले. सावकाश आले आणि पाखऱ्याच्या मानेला मान लावून, जोडीदाराच्या मोकळ्या जागेवर उभे राहिले.

“पहिल्या वर्षी दिलं होतं आवतण,” ते म्हणाले. “तवापासून त्याला न बोलावताच जेवू घालतो.”